वय वाढलं, माणूस वाढला का?

‘एवढा मोठा झालास, अक्कल कधी येणार?’ हा प्रश्न आपल्या घरांत पंचविशीतल्या मुलाला तोंडावर विचारला जातो आणि पासष्टीच्या काकांबद्दल त्यांच्या पाठीमागे. उलट चौदा वर्षांची एखादी मुलगी आजारी आईचं औषधपाणी आणि धाकट्या भावाची शाळा सांभाळताना दिसली, की ‘पोर वयाआधीच मोठी झाली’ असं आपण म्हणतो. शरीराचं वय आणि माणसाचं मोठेपण एकाच गतीनं वाढत नाहीत, एवढं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पुढचे प्रश्न मात्र अवघड आहेत. हे मोठेपण कशावरून ओळखायचं? ते येतं कुठून? काहींना ते तिशीतच येतं आणि काहींना शेवटपर्यंत येत नाही, असं का? विसाव्या शतकातल्या काही मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नांवर आयुष्य घालवलं. या प्रकरणात त्यांच्या उत्तरांकडे पाहू.

१. व्हिएन्नातली एक भेट

१९२० साली गॉर्डन ऑलपोर्ट नावाचा बावीस वर्षांचा अमेरिकन तरुण व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांना भेटायला गेला. फ्रॉइड गप्प बसले होते. शांतता असह्य होऊन ऑलपोर्टनं नुकताच ट्राममध्ये पाहिलेला एक प्रसंग सांगितला. चार वर्षांचा एक मुलगा घाणीला विलक्षण घाबरत होता. ही जागा घाणेरडी आहे, त्या माणसाजवळ बसायचं नाही, असा त्याचा सारखा धोशा चालला होता. शेजारी त्याची कडक इस्त्रीची, करारी आई बसली होती. फ्रॉइडनी ऐकून घेतलं आणि विचारलं, की तो लहान मुलगा म्हणजे तुम्हीच का?

ऑलपोर्ट चकित झाला. तो केवळ संभाषण सुरू करू पाहत होता आणि फ्रॉइड त्याच्या बालपणातली दडलेली भीती शोधत होते. रोज मनोरुग्णांशी बोलणाऱ्या माणसाला प्रत्येक वाक्यामागे जखम दिसावी, हे समजण्यासारखं आहे. पण या भेटीतून ऑलपोर्ट यांनी एक धडा घेतला, आणि तो त्यांना आयुष्यभर पुरला. माणसाच्या मनाच्या तळघरात उतरण्याआधी त्याला आज काय हवंय, हे त्यालाच विचारावं. आणि निरोगी माणूस कसा असतो हे जाणून घ्यायचं, तर निरोगी माणसांचाच अभ्यास करावा.

आज हे साधं वाटतं. त्या काळी ते साधं नव्हतं. मनाबद्दलची बरीचशी माहिती दवाखान्यातून येत होती, आणि आजार नसणं म्हणजेच आरोग्य असं धरलं जात होतं.

२. सुरुवात एका कारणानं, चालू दुसऱ्या कारणानं

ऑलपोर्ट पुढे हार्वर्डमध्ये शिकवू लागले. १९३७ च्या त्यांच्या पुस्तकात एक कल्पना आहे, ती आधी समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तिचं शास्त्रीय नाव ‘हेतूंची कार्यात्मक स्वायत्तता’. नाव अवजड असलं तरी कल्पना सोपी आहे: एखादी गोष्ट आपण ज्या कारणानं सुरू करतो, तेच कारण ती चालू ठेवतं असं नाही.

समजा, घरच्या अडचणीमुळे एका तरुणीनं शिक्षिकेची नोकरी धरली. तेव्हा तिला पगार हवा होता, मुलं शिकवायची हौस नव्हती. वीस वर्षांनी घरची अडचण संपली. पण आता वर्गातल्या एका मुलाला वाचता येत नाही म्हणून ती सुट्टीच्या दिवशीही त्याला बोलावते. तिचं शिकवणं आता पगारावर उभं नाही. वडाची पारंबी वरून लोंबत येते तेव्हा तिचा सगळा भार मूळ खोडावर असतो. एकदा जमिनीत रुजली, की तीच खोड होते आणि मूळ खोड पोखरलं तरी झाड उभं राहतं. प्रौढ माणसाच्या हेतूंचं असंच होतं, असं ऑलपोर्ट यांचं म्हणणं.

याचा अर्थ असा, की बालपण कसं गेलं हे कळलं म्हणजे माणूस कळला असं होत नाही. बापाच्या धाकानं शिस्त लागलेला माणूस चाळिशीतही धाकापोटीच शिस्तीत असेल, तर तो वाढलेला नाही. तीच शिस्त आता त्याला स्वतःच्या कामाची गरज म्हणून हवी असेल, तर तो वाढला आहे. बाहेरून दोघे सारखेच दिसतात.

३. सहा खुणा

१९६१ च्या पुस्तकात ऑलपोर्ट यांनी परिपक्व माणसाच्या सहा खुणा सांगितल्या. सगळ्या सारख्या महत्त्वाच्या आहेत असं मला वाटत नाही, म्हणून काहींवर थांबतो आणि काहींवरून पुढे जातो.

पहिली खूण सर्वांत मोलाची: ‘मी’चा विस्तार. लहान मुलाचा ‘मी’ त्याच्या कातडीपाशी, फार तर खेळण्यापाशी संपतो. वाढत्या माणसाच्या ‘मी’मध्ये घर, काम, गाव, एखादी कला, एखादा विचार येत जातो. त्या गोष्टींचं बरंवाईट त्याला स्वतःचं बरंवाईट वाटू लागतं. इथे ऑलपोर्ट एक फरक करतात, तो नीट पाहण्यासारखा आहे. नुसतं व्यग्र असणं म्हणजे विस्तार नव्हे. एखादा माणूस कार्यालयात जातो, सोसायटीच्या सभेला बसतो, लग्नकार्यांना हजेरी लावतो, मतदानही करतो, पण यातल्या कशातच त्याचं मन नसतं. हजेरी सगळीकडे, सहभाग कुठेच नाही. आणि एखादी बाई फक्त गावची पाणीपुरवठा समिती सांभाळते, पण नळाला पाणी आलं नाही तर तिला झोप लागत नाही. ऑलपोर्टच्या मोजपट्टीवर ती या माणसाच्या पुष्कळ पुढे आहे.

दुसरी खूण म्हणजे दुसऱ्याला मुठीत न ठेवता त्याच्यावर माया करता येणं. तिसरी, मनासारखं झालं नाही तरी कोसळून न पडणं आणि स्वतःच्या रागालोभासकट स्वतःला चालवून घेणं. चौथी, वास्तव जसं आहे तसं दिसणं आणि हातात एखादं काम असणं. या तीन खुणा जवळजवळ प्रत्येक अभ्यासकाच्या यादीत सापडतात.

पाचवी खूण आहे स्वतःकडे बाहेरून पाहता येणं. या क्षमतेबरोबर ऑलपोर्ट यांनी विनोदबुद्धीला जोडीनं बसवलं, हे मला फार आवडतं. विनोद सांगता येणं आणि विनोदबुद्धी असणं यांत त्यांनी अंतर ठेवलं आहे. दुसऱ्याच्या फजितीवर कुणीही हसतो. आपल्याला जे प्रिय आहे, त्यात आपण स्वतःही आलो, त्याच्यातली विसंगती पाहून हसता यावं आणि हसल्यावरही ते तेवढंच प्रिय राहावं, ही खरी परीक्षा.

सहावी खूण, आयुष्याला एकत्र बांधणारं तत्त्वज्ञान. ते धर्मातून येईल, कामातून येईल किंवा न्यायाच्या कल्पनेतून. ऑलपोर्ट स्वतः श्रद्धाळू होते, पण धर्माचा उपयोग फक्त स्वतःच्या सोयीसाठी आणि आधारासाठी करणारी श्रद्धा त्यांनी अपरिपक्वच मानली.

याच काळात अब्राहम मॅस्लो हेही निरोगी माणसांचा शोध घेत होते. लिंकन, आइन्स्टाइन, एलिनॉर रूझवेल्ट अशी माणसं निवडून त्यांच्यातले समान गुण त्यांनी १९५४ च्या पुस्तकात मांडले. व्यवस्थापनाच्या वर्गात दिसणारा गरजांचा पिरॅमिड त्यांच्याच नावावर चालतो, पण तो त्यांनी स्वतः काढलेला नाही. मॅस्लोंच्या पद्धतीत एक अडचण आहे. आपल्याला आवडणारी थोर माणसं आधी निवडायची आणि मग त्यांच्यात थोरवी शोधायची, तर ती सापडणारच. शिवाय परिपक्वता ही असामान्यांची मिरास आहे असं त्यातून वाटू लागतं, आणि आपल्यासारख्या वाचकाच्या हाती फारसं काही येत नाही.

४. एरिक एरिकसन आणि अहमदाबादचा संप

ऑलपोर्ट यांनी खुणा सांगितल्या. त्या कोणत्या वयात, कशा उमटतात हे एरिक एरिकसन यांनी सांगितलं. १९५० च्या ‘बालपण आणि समाज’ या अर्थाच्या पुस्तकात त्यांनी आयुष्याचे आठ टप्पे मांडले. प्रत्येक टप्प्यावर एक पेच असतो. तो सुटतो कसा, यावर पुढची वाटचाल ठरते. प्रौढपणाचे पेच तीन आहेत. तरुणपणी: कुणाशी मनापासून जवळीक साधता येते, की माणूस एकटा पडतो? मध्यमवयात: पुढच्या पिढीसाठी काही घडवायची आच लागते, की माणूस साचून राहतो? म्हातारपणी: जगलेलं आयुष्य आपलं म्हणून स्वीकारता येतं, की हळहळ उरते? पेच सुटला म्हणजे वाईट बाजू कायमची गेली, असं एरिकसन म्हणत नाहीत. पारडं कुठे झुकलं, एवढंच ते पाहतात.

मधल्या टप्प्यावरचं त्यांचं सर्वांत सखोल काम आपल्या शेजारच्या अहमदाबादेत घडलं. १९६२ साली एरिकसन एका परिसंवादासाठी तिथे गेले आणि १९१८ च्या गिरणी संपातली माणसं त्यांना भेटली. त्यांत गिरणीमालक अंबालाल साराभाईही होते. प्लेगच्या काळातला जादा भत्ता मालकांनी बंद केला होता आणि युद्धामुळे महागाई वाढली होती. मालक वीस टक्के वाढ द्यायला तयार होते. गांधीजींनी कामगारांना पस्तीस टक्क्यांवर ठाम राहायला सांगितलं. कामगारांच्या बाजूनं त्यांच्यासोबत उभ्या होत्या अंबालाल यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. साबरमतीच्या काठी बाभळीखाली रोज सभा होई. दिवस लांबले, घरात दाणा उरेना. गांधीजी आणि अनसूयाबेन मोटारीतून येतात, पोटभर जेवतात, त्यांचं काय जातंय, असं कामगार बोलू लागले. ते कानावर आलं आणि गांधीजींनी उपवास जाहीर केला. तीन दिवसांत तडजोड झाली, आणि पुढे लवादानं पस्तीस टक्केच मान्य केले.

तेव्हा गांधीजी अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. हजारो परक्या माणसांची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेणारा हा मध्यमवयीन माणूस एरिकसन यांना त्यांच्या सातव्या टप्प्याचं जिवंत रूप वाटला. १९६९ साली त्यांचं गांधीजींवरचं पुस्तक आलं आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं.

पण या पुस्तकाच्या मध्यावर एक विलक्षण गोष्ट आहे. एरिकसन लिहिता लिहिता अडले आणि त्यांनी दिवंगत गांधीजींना उद्देशून एक लांबलचक पत्र लिहिलं. सत्य आणि अहिंसेचा आग्रह धरणारा माणूस कस्तुरबांशी आणि स्वतःच्या मुलांशी इतका कठोर कसा, असा जाब त्यांनी त्यात विचारला. देशाचा बापू झालेल्या माणसाचं थोरल्या मुलाशी, हरिलालशी, कधीच जमलं नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. या पत्रातून मला एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. मोठेपण माणसात सगळीकडे सारखं पसरत नाही. कामात अत्यंत प्रौढ असलेला माणूस घराच्या उंबऱ्याच्या आत अडखळू शकतो, आणि त्यामुळे त्याचं बाहेरचं मोठेपण खोटं ठरत नाही.

५. बढती हुकली तेव्हा

आता एक प्रसंग घेऊ. समजा, जिल्हा परिषदेत वीस वर्षं नोकरी केलेल्या एका बाईंची बढती हुकली आणि त्यांच्याहून कनिष्ठ माणसाला ती मिळाली. दुःख खरं आहे. मन ते कसं पेलेल?

त्या म्हणतील, सगळं कार्यालय माझ्यावर जळतं. आपल्या मनातली जळजळ इथे दुसऱ्यांच्या नावावर टाकली जाते. याला प्रक्षेपण म्हणतात. किंवा त्या तोंडानं काही बोलणार नाहीत, पण नव्या साहेबांची प्रत्येक फाइल दोन दिवस उशिरा पुढे सरकेल. किंवा संध्याकाळी घरी मुलाला एका गुणावरून बोल लावतील, म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर. किंवा बढती घेऊन तरी काय, डोक्याला ताप, अशी कोल्ह्याची द्राक्षं आंबट होतील. या वाटा आपण सगळेच कधी ना कधी चाललेलो आहोत.

दुसऱ्याही वाटा आहेत. मार्चअखेरची कामं संपेपर्यंत हा विषय मनात बाजूला ठेवायचा आणि मग रीतसर अर्ज करायचा, असं त्या ठरवू शकतात. इथे दुःख नाकारलेलं नाही, पुढे ढकललेलं आहे. आपल्याला जे नियम कुणी सांगितले नाहीत ते नव्या मुलींना माहीत असावेत म्हणून त्या त्यांना परीक्षेसाठी शिकवू लागतील. किंवा जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्याच फजितीवर असं काही बोलतील, की सगळे हसतील आणि कुणाला टोचणार नाही.

मनाच्या या युक्त्यांना संरक्षण यंत्रणा म्हणतात. ही कल्पना फ्रॉइड पितापुत्रींची. तिची उतरंड लावून ती माणसांच्या आख्ख्या आयुष्यावर तपासून पाहिली जॉर्ज व्हेलंट यांनी. हार्वर्डमध्ये १९३८ साली सुरू झालेल्या अभ्यासातले २६८ विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुलं, अशा दोन गटांचा पाठपुरावा दशकानुदशकं झाला. व्हेलंट यांना दिसलं, की दुःख किती वाट्याला आलं यापेक्षा ते कसं पेललं यावरून माणसाचं उतारवय अधिक चांगलं ओळखता येतं. अनेक माणसं विशीतल्या कच्च्या युक्त्या सोडून पन्नाशीपर्यंत पक्क्या युक्त्यांकडे आली होती. आणि पक्क्या युक्त्या ही श्रीमंतांची किंवा पदवीधरांची मालमत्ता नव्हती, त्या वस्तीतल्या मुलांतही तितक्याच सापडल्या. मला या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटते.

६. मारिएनथालमधली माणसं

इथवर वाचून वाटेल, की परिपक्वता ही ज्याची त्यानं मनात कमवायची गोष्ट आहे. मारी याहोदा यांचं काम वाचलं, की हे चित्र अपुरं वाटू लागतं.

१९५८ साली याहोदा यांनी अमेरिकेत मानसिक आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. स्वतःविषयीची दृष्टी, वाढ, मनाचा एकसंधपणा, स्वायत्तता, वास्तवाचं भान आणि परिस्थितीवर पकड असे सहा निकष त्यात आहेत. ऑलपोर्टच्या यादीशी ते पुष्कळ जुळतात. पण याहोदा या निकषांकडे एका वेगळ्या रस्त्यानं आल्या होत्या. मूळच्या व्हिएन्नाच्या या तरुणीनं पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांच्यासोबत १९३१-३२ मध्ये मारिएनथाल या गावाचा अभ्यास केला होता. गावातली सूतगिरणी बंद पडली होती आणि जवळजवळ आख्खं गाव बेकार झालं होतं.

रिकामा वेळ मिळाल्यावर माणसं वाचतील, चर्चा करतील, राजकारणात उतरतील, असं कुणालाही वाटलं असतं. घडलं उलटं. ग्रंथालयानं वर्गणी माफ केली तरी पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलं. मुख्य रस्त्यावर संशोधकांनी लोकांचा चालण्याचा वेग मोजला, तर पुरुषांची पावलं मंदावलेली होती आणि ते जागोजागी थांबत होते. बहुतेकांनी खिशात घड्याळ ठेवणं सोडलं होतं. दिवसभर काय केलं, हे त्यांना धड सांगता येत नव्हतं. बायकांचं तसं नव्हतं. स्वयंपाक, धुणी, मुलं यांनी त्यांचा दिवस बांधलेला होता. १९८२ च्या संपानंतरचं मुंबईचं गिरणगाव ज्यांनी पाहिलं, त्यांना हे वर्णन परकं वाटणार नाही.

ही आळशी किंवा अपरिपक्व माणसं नव्हती. कालपर्यंत संघटना, नाटक, वाचन सगळं करणारी होती. त्यांचा ‘मी’ ज्या गोष्टींपर्यंत पसरला होता, त्या काढून घेतल्या गेल्या आणि तो आकसला. ऑलपोर्टची पहिली खूण अशी परिस्थितीच्या हातात असते. कुणाला परिपक्व नाही म्हणण्याआधी, त्याच्या हाती आपण काय सोपवलं होतं, हे विचारायला हवं.

७. कुणाच्या मापाचं मोठेपण?

या सिद्धांतांवरचा सर्वांत रास्त आक्षेप असा, की मोजपट्टी ज्यांनी बनवली ती त्यांच्याच अंगाची होती. हार्वर्डच्या त्या अभ्यासात एकही स्त्री नव्हती. एरिकसन यांच्यासोबत शिकवलेल्या कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये दाखवलं, की स्वतंत्र होणं म्हणजे वाढणं असं धरलं, तर नातं सांभाळत वाढणाऱ्या स्त्रिया कायम मागे पडलेल्याच दिसणार.

आपल्याकडून हाच प्रश्न सुधीर कक्कर यांनी विचारला. अहमदाबादेत एरिकसन भेटले आणि या तरुण अभियंत्याची वाट मनोविश्लेषणाकडे वळली. १९७८ च्या ‘द इनर वर्ल्ड’मध्ये त्यांनी भारतीय बालपणाचा आणि आश्रमव्यवस्थेचा विचार एरिकसन यांच्या टप्प्यांशेजारी ठेवून केला. भारतीय माणसाचा ‘मी’ नात्यांच्या जाळ्यातच घडतो, हे त्यांनी ठामपणे मांडलं.

मग चाळिशीतला गृहस्थ घर घेताना आईला विचारतो, तो अपरिपक्व का? माझ्या मते त्याच्या विचारण्यातून काहीच ठरत नाही. आईनं नको म्हटलं आणि त्याला ते पटलं नाही, तर तो तिच्याशी न भांडता, न लपवता स्वतःचा निर्णय घेऊ शकतो का, ते पाहावं. जो घेऊ शकतो, तो प्रेमापोटी विचारतो. जो घेऊ शकत नाही, तो भीतीपोटी विचारतो. नात्यात राहूनही स्वायत्त असता येतं, आणि एकटं राहूनही दुसऱ्यांच्या मतावर जगता येतं.

८. आधी काय येतं?

स्वभाव तिशीत पक्का होतो, अशी समजूत बराच काळ होती. २००६ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्याच माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतलेल्या ९२ गटांची माहिती एकत्र केली. विशी ते चाळिशी या काळात माणसं सरासरीनं अधिक जबाबदार आणि मनानं अधिक स्थिर होताना दिसली, आणि बदल त्यानंतरही थांबत नव्हता. याचं रॉबर्ट्स यांना पटणारं कारण असं, की नोकरी, संसार, मूल या भूमिका माणसाकडून तसं वागणं मागत राहतात आणि मागता मागता ते अंगवळणी पडतं.

आपण घरात बरेचदा उलट क्रम धरतो. मुलाला समज आली, की मग त्याच्या हाती व्यवहार देऊ, असं म्हणतो. पण व्यवहार हाती आल्याशिवाय समज यायची कशी? विशीतल्या मुलीला घरखर्चाचा हिशेब, भावाच्या प्रवेशाची धावपळ, बँकेचं काम खरोखर सोपवलं, चुकली तरी काढून घेतलं नाही, तर ऑलपोर्टच्या पुष्कळ खुणा आपोआप उमटायला लागतात.

आयुष्याच्या दुसऱ्या टोकालाही हाच प्रश्न येतो, आणि तो जोन एरिकसन यांनी मांडला. एरिक यांच्या पत्नी आणि आयुष्यभराच्या सहकारी असलेल्या जोन यांनी नव्वदी ओलांडल्यावर आठ टप्प्यांना नववा जोडला. आयुष्याच्या टप्प्यांवरच्या एरिक यांच्या पुस्तकाच्या १९९७ च्या आवृत्तीत तो आहे. शहाणपण आणि समाधान यांची आपणच पूर्वी केलेली वर्णनं प्रत्यक्ष त्या वयात पोचल्यावर त्यांना पुरेशी वाटेनात. पाय साथ देत नाहीत, जवळची माणसं एकेक करून जातात, आणि आयुष्याच्या पहिल्या वर्षातला विश्वास की अविश्वास हा पेच पुन्हा समोर येतो. यात शरीराचा जेवढा वाटा आहे तेवढाच समाजाचाही आहे, असं त्यांचं म्हणणं होतं: म्हाताऱ्या माणसांना आपण त्यांच्यासाठी बांधलेल्या जागांत बाजूला ठेवतो, त्यांच्याकडून काहीही मागत नाही, आणि मग त्यांनी तृप्त, शहाणं असावं अशी अपेक्षा करतो.